धडा अवघड आहे, हे ठरवायचं कुणी?

खालची दोन वाक्यं वाचा.

‘शंकररावांनी सकाळी गोठ्यातली गाय झिपडली आणि फोरकं घेऊन ते शेताकडे निघाले. वाटेत त्यांना एक दुमळा दिसला, म्हणून ते टरपून थांबले.’

आता प्रश्न. शंकररावांनी गाय केव्हा झिपडली? सकाळी. ते काय घेऊन निघाले? फोरकं. वाटेत काय दिसलं? दुमळा. मग ते कसे थांबले? टरपून.

चारपैकी चार गुण. दुमळा म्हणजे जनावर, माणूस की रस्त्यातला खड्डा, हे मात्र तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही नाही, कारण ते चारही शब्द मी आत्ता बसल्या बसल्या बनवले.

मराठी माध्यमातल्या नववीच्या मुलापुढे इंग्रजी उतारा येतो तेव्हा पुष्कळदा हेच घडतं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्याच्या शेजारचं वाक्य वहीत उतरवायचं, गुण घ्यायचे. मी काही वर्षं आठवी ते दहावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. त्यातली पहिली दोन वर्षं मुलांना समजतंय अशा गोड समजुतीत काढली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं आणि त्यानुसार महाराष्ट्रात २०२५-२६ पासून, पहिलीपासून सुरुवात करून, नवी पुस्तकं टप्प्याटप्प्याने येऊ लागली. माध्यमिक वर्गांची पाळी पुढे आहे. पुस्तक बदललं की चर्चा रंगते ती कुठला धडा आला, कुठला गेला, कुणाची कविता घेतली, यावर. निवडलेला उतारा मुलांना वाचता येतो का, हे कुणी तपासलं आणि कसं, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. खरं तर ते तपासण्याचं एक रीतसर शास्त्र आहे. त्यातली बरीचशी हत्यारं कुठल्याही शाळेत वापरता येतील इतकी साधी आहेत.

आधी माप, मग कात्री

‘वाचन साहित्य’ म्हणजे नुसता धडा नव्हे. उतारा, त्याखालचे प्रश्न, शब्दार्थांची चौकट, चित्रं, आधीचा गप्पांचा भाग आणि नंतरच्या कृती हे सगळं त्यात आलं. असं साहित्य तयार करण्याआधी करायच्या कामाला ‘गरज विश्लेषण’ म्हणतात. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी टेप काढतो, तेच हे काम.

हचिन्सन आणि वॉटर्स या दोघा अभ्यासकांनी १९८७ मध्ये या मापाचे तीन भाग सांगितले. मुलाला पुढे काय लागणार आहे, आज त्याच्याकडे काय कमी आहे आणि त्याला स्वतःला काय हवंय. तिन्हींची उत्तरं सहसा जुळत नाहीत. बोर्डाला निबंध हवा असतो, मुलाला मोबाइलवरच्या सूचना आणि क्रिकेटच्या बातम्या वाचायच्या असतात, आणि कमी असते ती साध्या वाक्याची समज.

ही कमी किती? २०२३ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासलं. इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येणारी मुलं ५७.३ टक्के निघाली. वाचू शकणाऱ्यांपैकी अर्थ सांगता आला तो सुमारे तीन चतुर्थांश मुलांना. गुणाकार केला तर शंभरातली बेचाळीसेक. म्हणजे पुस्तक हातात पडतं त्या दिवशी निम्म्याहून जास्त वर्ग आमच्या शंकररावांसारखा वाटेतच थांबलेला असतो.

माप घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रश्नावली, आणि सगळ्यात फसवाही तोच. ‘मला इंग्रजी वाचायला आवडतं : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.’ ही पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये रूढ केली आणि बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांत आजही ती पानोपानी दिसते. पण सर समोर उभे असताना ‘असहमत’वर खूण करणारं पोर विरळाच. न समजणं लपवण्यात आपली मुलं तरबेज असतात. वर्षानुवर्षं त्यांना त्याचाच सराव मिळालेला असतो. म्हणून एका साधनावर विसंबायचं नाही. प्रश्नावली जे सांगते ते वर्गात मागच्या बाकावर बसून पाहायचं, पाच-सहा मुलांशी मराठीत निवांत बोलायचं, त्यांच्या वह्या चाळायच्या. तिन्हीकडून एकच गोष्ट दिसली तर ती धरायची.

ढाक्यात शंभर वर्षांपूर्वी

मापाचा हा विचार परदेशातून आयात झाला असं कुणाला वाटेल, पण त्याची एक मोठी सुरुवात बंगालमध्ये झाली. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतले अधिकारी १९२० च्या दशकात ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. शाळेतल्या इंग्रजी वाचनपुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीने कोंबलेले असतात, ते पुन्हा फारसे भेटत नाहीत आणि त्यांतले कित्येक पुढे कधी कामीही येत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. मग त्यांनी गोष्टी पुन्हा लिहून काढल्या. दुर्मीळ शब्द काढून रोजचे घातले, नवे शब्द लांब लांब पेरले आणि प्रत्येक नवा शब्द पुन्हा पुन्हा आणला.

वेस्टची एक कल्पना मला फार आवडते. ‘सरेंडर व्हॅल्यू’ हा विम्यातला शब्द त्यांनी शिक्षणाला लावला. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात किती पडतं? तसंच मूल आठवीत शाळा सोडून गेलं तर त्याच्या अर्धवट इंग्रजीची किंमत काय? बोलणं अर्धवट शिकलेल्याच्या हाती फारसं काही उरत नाही. वाचायला शिकलेला मात्र पुढे स्वतःच्या बळावर चालू शकतो, म्हणून वाचन आधी, असं त्यांचं म्हणणं होतं. यावर वाद घालता येईल. पण पुस्तक लिहिताना मध्येच गळणाऱ्या मुलाचा हिशेब मांडणारा माणूस विरळा.

पानावर किती अनोळखी पाहुणे चालतील?

पन्नास शब्दांमागे एकापेक्षा जास्त नवा शब्द नको, असं वेस्टचं मत होतं. पुढे २००० साली हू आणि नेशन या संशोधकांनी ते जवळजवळ तसंच मोजून दाखवलं. त्यांनी एका गोष्टीतले काही शब्द काढून तिथे बनावट शब्द घातले. सुरुवातीला मी केलं तेच, फक्त नीट. शंभरातले ऐंशी शब्द ओळखीचे असताना कुणालाच गोष्ट पुरेशी कळली नाही. कुणाच्या मदतीशिवाय, मजेत वाचायचं तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे पन्नासात एक अनोळखी.

शंकररावांची दोन वाक्यं वीस शब्दांची आहेत. चार शब्द बनावट. बरोबर ऐंशी टक्के.

अडीचशे शब्दांच्या पानावर ९८ टक्क्यांच्या हिशेबाने पाच शब्द अडले तर चालतील. वरात आली आणि त्यातले पाच जण अनोळखी असले तर ‘हे मुलाचे मामा असतील’ असा अंदाज बांधता येतो. पन्नास जण अनोळखी असले तर आपण चुकून दुसऱ्याच कार्यालयात शिरलोय असं वाटतं. मात्र ९८ हा आकडा दगडावरची रेघ नाही. २०११ मध्ये आठ देशांतल्या ६६१ जणांवर झालेल्या अभ्यासात ओळखीचे शब्द वाढतात तशी समज हळूहळू वाढत जाते, एका ठरावीक आकड्याला दार खाडकन उघडत नाही, असं दिसलं. शिक्षक मदतीला असेल तर ९५ टक्क्यांवरही काम निभतं.

मुलाला कुठले शब्द येतात हे कसं कळणार? अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगितलं तर लाजेकाजेस्तव दोनच रेघा येतात. यावर शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल मेआरा यांच्या चाचण्यांत एक नामी तोड आहे. शब्दांच्या यादीत काही शब्द अस्तित्वातच नसलेले घालायचे आणि येणाऱ्या शब्दांवर खूण करायला सांगायचं. बनावट शब्दांवर जितक्या खुणा, तितकी बाकीच्या उत्तरांना काट. दुमळा ओळखणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतात.

सूत्राला लोडशेडिंग समजत नाही

उतारा संगणकात टाकला की तो कितवीच्या मुलासाठी योग्य आहे ते सांगणारी सूत्रं आहेत. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध फ्लेश-किंकेड. रुडॉल्फ फ्लेश यांचं मूळ सूत्र १९४८ चं, आणि ही सुधारित आवृत्ती १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी, खलाशांना कामाच्या पुस्तिका झेपतात का हे पाहायला केलेली. ते दोनच गोष्टी मोजतं. वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे तुकडे किती. वाक्य लांब, शब्द लांब, तर उतारा अवघड.

आपल्याकडे हे सूत्र गडबडतं. ‘लोडशेडिंग’, ‘ट्रान्सफॉर्मर’, ‘सर्टिफिकेट’ हे लांबलचक शब्द खेड्यातल्या सहावीच्या मुलालाही माहीत असतात. उलट ‘पुट अप विथ’ हे तीन चिमुकले शब्द सूत्राच्या लेखी अगदी सोपे, पण एकत्र आले की ‘सहन करणे’ हा अर्थ निघतो आणि वर्ग गप्प होतो. अमेरिकी खलाशाचा बूट आपल्या मुलाच्या पायात घालून बघण्यातला हा प्रकार. चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको.

त्याहून भरवशाची पद्धत म्हणजे क्लोझ चाचणी, विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये आणलेली. उताऱ्यातलं पहिलं वाक्य तसंच ठेवायचं आणि पुढे दर पाचवा शब्द गाळायचा. मुलाने जागा भरायच्या. आपल्या ‘रिकाम्या जागा भरा’सारखंच दिसतं, पण फरक मोठा आहे. तिथे शिक्षक महत्त्वाचा शब्द निवडून गाळतो आणि मुलाची पाठांतराची परीक्षा घेतो. इथे डोळे मिटून दर पाचवा शब्द जातो आणि परीक्षा होते ती उताऱ्याची. ‘आजीने चूल ___ आणि मग चहाचं आधण ___’ यात काय येणार हे तुम्हाला कळतं, कारण मराठी तुमच्या अंगात मुरलेली आहे. तसं इंग्रजी उताऱ्यात किती मुलांना कळतं, ते बघायचं.

पन्नास जागा गाळल्या असतील आणि वर्गाची सरासरी बावीसच्या खाली असेल, तर उतारा या मुलांना झेपणारा नाही. अठ्ठावीस-एकोणतीसच्या वर गेली तर मुलं तो स्वतःच वाचू शकतील, असे ठोकताळे पुढच्या संशोधनातून निघाले. ते इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांवरून आणि अगदी तोच शब्द लिहिला तरच गुण या अटीवर काढलेले आहेत. आपण समानार्थी शब्दाला गुण देऊन थोडं सैल धरावं, असं माझं मत.

आजीची जुनी साडी

शब्द सगळे ओळखीचे असूनही अर्थ निसटतो. याचा सुंदर पुरावा १९७९ च्या एका अभ्यासात आहे. मार्गारेट स्टेफनसेन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी अमेरिकी आणि भारतीय वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली. एकात अमेरिकी लग्नाचं वर्णन, दुसऱ्यात भारतीय. दोन्ही इंग्रजीत. प्रत्येक गटाने आपल्याकडच्या लग्नाचं पत्र भराभर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. परक्या लग्नाच्या पत्रातले तपशील मात्र नकळत वाकवून सांगितले.

अमेरिकी लग्नाच्या पत्रातली नवरी आजीचा लग्नातला पोशाख घालते. अमेरिकी वाचकाला ही घराण्याची परंपरा वाटली. एका भारतीय वाचकाने मात्र बिचारीचा पोशाख जुना आणि फॅशन गेलेला होता, असं सांगितलं. शब्द न शब्द कळूनही. गंमत अशी की आज पैठणीचं पुनरुज्जीवन करून आजीची साडी नेसणाऱ्या नवऱ्या आपल्याकडेही दिसतात. तोच उतारा आता कदाचित नीट वाचला जाईल.

अमेरिकेतच १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉलची खडान्‌खडा माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळाचं अज्ञान असलेल्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवा. ‘ढ’ म्हणून शिक्का बसलेला मुलगा ‘डकवर्थ-लुईस’ समजावून सांगतो, हे कुठल्याही शिक्षकाने पाहिलेलं असतं.

मग गावाकडच्याच गोष्टी द्यायच्या का? मुलं जग कधी बघणार? नाही, तसं नाही. ओळखीच्या उंबऱ्यावरून अनोळखी घरात न्यायचं, एवढंच. बर्फावरचा धडा अवश्य ठेवा, पण आधी गारपीट आठवू द्या.

आचाऱ्याने चाखलं, पण पंगतीचं काय?

मसुदा तयार झाला की तो दोन-तीन जाणकारांना दाखवतात. याला तज्ज्ञ पडताळणी म्हणतात आणि पुष्कळ प्रकल्प इथेच थांबतात. आचाऱ्याने भाजी चाखून ‘फक्कड’ म्हटलं, झालं. पण लग्नात खरी गोष्ट कळते ती पानं उचलताना, कुणी काय टाकलंय ते पाहून.

ते पाहणं म्हणजे चाचपणी, इंग्रजीत पायलट. मुलांना मसुदा द्यायचा आणि नजर ठेवायची. त्यातली सर्वांत बोलकी रीत म्हणजे ‘बोलत वाचणं’. एका मुलाला शेजारी बसवायचं आणि वाचता वाचता मनात जे येईल ते मोठ्याने सांगायला लावायचं, तेही मराठीत. मी एकदा हे केलं तेव्हा एक मुलगी ‘द मॅन हू केम येस्टरडे’पाशी अडली. शब्द सगळे येत होते. तिला वाटलं ‘हू’ आलंय म्हणजे हा प्रश्न आहे, आणि ती उत्तर शोधत बसली. आपल्या ‘जो… तो’ची जोडी इंग्रजीत मोडून पडते, हे मला कुठल्याही तज्ज्ञाने सांगितलं नव्हतं. पुढच्या मसुद्यात मी त्या वाक्याची दोन केली.

असं करून बघ, दुरुस्त कर, पुन्हा करून बघ, या चक्राला ‘संशोधन आणि विकास’ म्हणतात. त्याचे अनेक आराखडे आहेत. त्यातला ‘फोर-डी’ नावाचा १९७४ चा आराखडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते शिवशैलम त्यागराजन मूळचे चेन्नईचे. गरज ठरवा, आखा, घडवा, पोहोचवा, अशा त्याच्या चार पायऱ्या. बाकीचे आराखडे हेच कमीजास्त पायऱ्यांत सांगतात. त्यांच्या नावांत अडकायचं कारण नाही.

दोन वाफे

नवं साहित्य खरंच चांगलं, हे कशावरून? शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. एका वाफ्याला नवं खत, शेजारच्याला जुनं, बाकी पाणी-माती सारखी. शिक्षणात वापरली जाणारी प्रयोगाची ही पद्धत मुळात शेतातूनच आली आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात तिचं गणित मांडलं. वर्गात त्याचं रूप असं : आधी पूर्वचाचणी, मग काही आठवडे एका गटाला नवं साहित्य आणि दुसऱ्याला नेहमीचं, शेवटी उत्तरचाचणी.

पण वर्ग म्हणजे वाफा नव्हे. ‘अ’ तुकडी हुशार मुलांची, ‘ब’ बाकीच्यांची, ही वाटणी कित्येक शाळांत आधीच झालेली असते. मुलं चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत. मग प्रत्येक गटाची वाढ त्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजावी लागते आणि निष्कर्ष जपून काढावा लागतो. दुसरी अडचण आपल्या म्हणीतच आहे, नव्याचे नऊ दिवस. रंगीत पानं आली, पाहुणे आले, मुलं हुरळली, गुण वाढले. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तरच खरं काय ते कळतं. ‘प्रयोगानंतर गुण वाढले’ एवढंच सांगणारा अहवाल मी बाजूला ठेवतो. मुलं त्या काळात तशीही शिकतच होती. प्रश्न किती जास्त शिकली हा आहे.

‘आम्ही तर असेच शिकलो!’

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारे सगळे शिकून पुढे गेलेले असतात. त्यांच्याच बाकावर बसलेले, इंग्रजीत नापास होऊन शाळा सुटलेले हा आक्षेप घ्यायला सभेला येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : सोपं करत गेलं तर दर्जा उरेल का? भीती खरी आहे. वाक्यं तोडून तोडून उतारा बाराखडीसारखा करणारेही आहेत. मात्र सोपं करण्याचा एकच मार्ग नसतो. १९९४ मध्ये ४८३ जपानी विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. उताऱ्याचं एक रूप काटछाट केलेलं होतं. दुसऱ्यात अवघड शब्द तसेच ठेवून पुढे चार शब्दांत उलगडले होते. समज दोन्हींत जवळपास सारखी निघाली. आजी ‘उखळ’ शब्द टाळत नाही, ‘उखळ, म्हणजे आपण भात कांडायचो ते’ असं सांगते. धड्यातही तसं करता येतं, फक्त पान थोडं वाढतं आणि पानांचा हिशेब ठेवणारे नाराज होतात.

आणि सोपं, भरपूर वाचल्याने काय होतं हे फिजी बेटांवर दिसलं. १९८० च्या सुमाराला तिथल्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत एली आणि मांगुभाई या संशोधकांनी अडीचशे गोष्टींची पुस्तकं नेऊन ठेवली. इंग्रजी त्या मुलांचीही दुसरी भाषा. आठ महिन्यांत वाचनातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली, पुढच्या वर्षी तिचा परिणाम लिहिण्यावरही दिसला. ती मुलं नववीची नव्हती, हे खरं. पण आपल्या नववीतल्या अनेकांना आज झेपणारं इंग्रजी त्याच पातळीचं आहे.

शिक्षकाला वेळ कुठे आहे?

नाहीच. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, साठ-साठ मुलांचे वर्ग. प्रयोगशाळा उभारा असं कुणी सांगत नाही. पुढचा धडा सुरू करण्याआधी एका तासाला त्याचीच क्लोझ चाचणी घ्यायची, नावं न लिहिता. तपासायला मुलांनीच कागद अदलाबदल करायचे. शिक्षणशास्त्रात याला कृतिसंशोधन म्हणतात आणि त्याला परवानगी लागत नाही.

त्याहूनही छोटं एक काम पालकांना घरी करता येईल. गाइडमधला कुठलाही उतारा घ्या, तो हाताने झाका आणि फक्त खालचे प्रश्न मुलाला विचारा. उतारा न वाचता जमलेली उत्तरं बाद. मग हात काढा आणि उरलेल्या प्रश्नांची उत्तरं नुसती वाक्यं उचलून देता येतात का ते बघा. ती पण बाद. शिल्लक राहतील ते खरे वाचनाचे प्रश्न. मी मागच्या महिन्यात भाचीच्या गाइडवर हे करून पाहिलं. दहा प्रश्नांतला एक उरला, आणि त्याचं गाइडमध्ये छापलेलं उत्तर चुकीचं होतं.